मोटारीच्या पोटातला पीळ

मंडळी, बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाकाचा दणका थेट आपल्या कंबरेत बसतो. ट्रकला पाटे असतात. मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या चाकांना गुंडाळीची स्प्रिंग असे. पण सरकारी कचेऱ्यांपुढे पूर्वी हमखास दिसणारी जुनी ॲम्बॅसडर घ्या. वाकून पुढच्या चाकांमागे पाहा. तिथे पाटे नाहीत, गुंडाळीही नाही. दोन्ही बाजूंना गाडीच्या लांबीत एकेक सरळ पोलादी कांब आहे. तीच टॉर्शन बार, म्हणजे पिळाची कांब.

तिचे मागचे टोक सांगाड्याला घट्ट असते, पुढचे चाकाच्या दांड्याला. चाक दगडावर चढले की कांब पिळते. पीळ उलगडू लागला की चाक परत खाली दाबले जाते. चऱ्हाट वळताना हातातून सुटले, तर ते उलटे फिरते ना? तसेच हे.

ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. त्यामुळे जुन्या कांबी भंगारातून शोधाव्या लागतात, आणि इथेच मोजमापाचे महत्त्व आहे. कांबेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. गुरुजींनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे: २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटर घेतली, तर जाडी एक दशांशाने वाढते, पण ताठपणा जवळजवळ दीडपट होतो. लांबी दुप्पट केली, तर तो निम्मा होतो.

म्हणून पट्टीने अंदाज करू नये. रंग आणि गंजाचा पापुद्रा काढून व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी जाडी मोजावी. लांबी दोन्ही टोकांच्या दात्यांमधली घ्यावी, दातेही मोजावेत. डाव्या-उजव्याची खूण टोकावर पाहावी. वापरलेली कांब एकाच दिशेच्या पिळाला सरावलेली असते. ती दुसऱ्या बाजूला बसवू नये.

कांबेवर खोल ओरखडा किंवा गंजाचा खड्डा दिसला, तर ती नाकारावी. तडा तिथूनच सुरू होतो, आणि मांजरसुंब्याच्या घाटात कांब तुटली, तर गाडी एका अंगाला बसते. काढतानाही सांगाड्याला भक्कम टेकू द्यावा आणि पीळ पूर्ण उतरल्याशिवाय दांडा सोडू नये. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पोलादातला पीळ मात्र अवचित सुटला, तर हात मोडतो.