रिंग, शिटी आणि नळी

आपल्या शाळेत रोज दुपारी खिचडी, आमटी-भात नाहीतर उसळ शिजते. मोठा कुकर, शेगडी, सिलिंडर हे सगळ्यांना दिसतात. पण त्यांचे लहान लहान भाग कुणाच्या नजरेत येत नाहीत. खरी राखण मात्र तेच करतात. मी सातवीत आहे. स्वयंपाकाच्या मावशींना विचारून जे समजलं, ते इथे लिहीत आहे.

१) कुकरची रिंग : झाकणातली ही रबरी रिंग वाफ कोंडून धरते. उघड्या पातेल्यात पाणी साधारण १०० अंश सेल्सिअसला उकळतं. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून उष्णता सुमारे १२० अंशांपर्यंत जाते आणि डाळ लवकर शिजते. रिंग कडक झाली किंवा चिरली, की कडेनं वाफ सुटते. मग शिटी होत नाही आणि गॅस फुकट जळतो. मावशी रोज रिंग काढून धुतात, पुसून कोरडी ठेवतात.

२) शिटीखालची नळी : हिच्यात डाळीचा फेस आणि सालं अडकतात. ती तुंबली तर वाफेला वाट राहत नाही. म्हणून मावशी झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरतात. आरपार दिसलं तरच कुकर चढतो. डाळ असली तर कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरत नाहीत.

३) सेफ्टी व्हॉल्व्ह : झाकणावरच्या या बटणात लवकर वितळणारा धातू असतो. कुकर प्रमाणाबाहेर तापला तर तो वितळतो आणि वाफ बाहेर पडते. व्हॉल्व्ह जातो, पण माणसं वाचतात. त्या जागी त्याच कुकरचा नवा व्हॉल्व्ह बसवावा. भोक दुसऱ्या कशानं बुजवणं म्हणजे जिवाशी खेळ!

४) बर्नर : ज्योत निळी असेल तर ठीक. पिवळी झाली, भांडी बुडाला काळी पडू लागली, तर बर्नरची भोकं बुजली असं समजावं. शेगडी थंड झाल्यावर ती साफ करतात.

५) गॅसची रबरी नळी : ही वाकते, तापते, कधी उंदीरही कुरतडतात. नळी आयएसआय छापाची असावी आणि चांगली दिसली तरी पाच वर्षांनी बदलावी. गळती बघायची तर साबणाचा फेस लावून बघतात, बुडबुडे आले की समजतं. काडी ओढून कधीच बघू नये.

या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. लगेच बाहेर पडा आणि गुरुजींना सांगा. रेग्युलेटर बंद करणं, दारं-खिडक्या उघडणं हे मोठ्या माणसांचं काम. मदतीचा फोन १९०६ आहे.

मित्रांनो, यातल्या कशालाही आपण हात लावायचा नाही. पण आपल्याला डोळे आहेत, नाक आहे. काही वेगळं दिसलं तर सांगायचं. आणि मला एक वाटतं : तेल, मीठ, हळद यांची यादी करताना तिच्यात रिंग आणि नळीही लिहावी. मीठ कमी पडलं तर जेवण अळणी होतं, एवढंच. पण नळी बदलायची राहिली, तर मावशींच्या जिवावर बेतेल.