समुद्र दिवसातून दोनदा कल्याणला येतो

मुलांनो, सुट्टी लागली की तुमचं एकच पालुपद असतं, आजोबा, समुद्रावर कधी जायचं? अलिबाग, गणपतीपुळे, जमलं तर गोवा. जाऊ की! पण त्याआधी एक गंमत ऐका. समुद्र स्वतःच रोज दोनदा कल्याणला येतो. डोंबिवलीच्या मोठागावच्या रेतीबंदरावर उभं राहिलं तरी तो येताना-जाताना दिसतो.

खरं वाटत नाही ना? मग दुर्गाडी किल्ल्याखाली खाडीच्या काठी जा आणि पाण्यातला एखादा खांब हेरून ठेवा. तासाभराने बघा, पाणी वर चढलेलं असेल नाहीतर खाली गेलेलं. त्यावर तरंगणारी जलपर्णी कधी समुद्राकडे निघालेली असते, तर कधी उलटी गावाकडे. उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याकडच्या डोंगरांतून निघते, कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते आणि पुढे वसईला समुद्राला मिळते. वसईपासून आपण चाळीसेक किलोमीटर आत आहोत, तरी भरतीचं पाणी इथवर पोचतं. म्हणून तर कल्याण बंदर झालं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या सागरप्रवासाच्या ग्रंथात त्याचं नाव ‘कॅलिएना’ असं आलंय. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि इथेच स्वराज्याची जहाजं बांधायला सुरुवात झाली. त्या काळी इंजिनं कुठली? गलबतं भरतीबरोबर आत यायची आणि ओहोटीबरोबर बाहेर पडायची.

हे पाणी ओढतो कोण, तर चंद्र. त्याच्या समोर आलेला समुद्र जास्त ओढला जातो आणि फुगतो. पृथ्वीच्या पाठीमागच्या बाजूला ओढ सगळ्यात कमी, त्यामुळे तिथलं पाणी मागे राहतं आणि तिकडेही फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपण दोन्ही फुगवट्यांतून जातो, म्हणून दिवसाला दोन भरत्या. अमावास्या-पौर्णिमेला सूर्यही त्याच रेषेत येतो आणि दोघांची ओढ एकत्र होते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असतात, तेव्हा पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. कोळी त्याला भांग म्हणतात.

आता आपल्या कोकणचा जुना हिशेब शिकवतो. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरती किती वाजता ते कळतं. आज चतुर्थी आहे? चारचे पाऊणपट तीन. तीन वाजता भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. घड्याळाच्या मिनिटाला हे जुळणार नाही, आणि खाडीत जितकं आत जाल तितका आणखी उशीर. पण पंचांग किंवा भिंतीवरची दिनदर्शिका हाताशी असली की काम भागतं. कुठलंही यंत्र न बाळगता माणसं या हिशेबावर होड्या घालत आली, याचं मला फार कौतुक वाटतं.

हा हिशेब घेऊन आपण जायचं ऐरोलीला. ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची आणि स्टेशनवरून रिक्षाने किनारी व सागरी जैवविविधता केंद्र गाठायचं. तिथून वनखात्याची बोट निघते, तीही भरतीचं वेळापत्रक बघूनच. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. फ्लेमिंगो, आपले रोहित पक्षी, साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर बहुतेक निघून जातात. म्हणून मे महिन्याची सुट्टी वाया घालवू नका.

ओहोटीला चिखल उघडा पडला की ते त्यावर लांबवर पसरतात, आणि पाणी चढू लागलं की मागे सरकत सरकत एकत्र येतात. तेव्हा एकाची चोच नीट निरखा. तो मान खाली घालून चोच चक्क उलटी करतो, वरचा भाग खाली. जाड जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे करून पाणी आत ओढतो आणि बाहेर सोडतो. चोचीच्या कडेला बारीक दातेरी पट्ट्या असतात, त्यांत सूक्ष्म शेवाळ अडकतं. गुलाबी रंग याच खाण्यातून येतो. शेवाळात कॅरोटीन जातीची रंगद्रव्यं असतात, ती पिसांत उतरतात. पिल्लू जन्मतं तेव्हा राखाडी असतं आणि खाऊन खाऊन दोन-तीन वर्षांत गुलाबी होतं. प्राणिसंग्रहालयात तसं खाणं मिळालं नाही, तर मोठा पक्षीही फिका पडतो.

काठावरची झाडं बघायला मात्र मान खाली घाला. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटाएवढे शेकडो कोंब सरळ वर आलेले दिसतील. ती मुळं आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून ती श्वास घ्यायला वर येतात. त्यांच्या सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते. भरदुपारी तिवराचं पान उलटसुलट करून बघा, उन्हात मिठाचे कण चमकतात. खारं पाणी प्यायलेलं झाड जादा मीठ पानांतून बाहेर टाकतं. बोटाने पुसून घ्या, पण चाटू नका. या खाडीत शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी येतं, ही आपली सगळ्यांची लाज आहे. भराव टाकून तिवरं मारणाऱ्यांना तर मी कधीच माफ करणार नाही.

त्याच मुळांमधून टुणटुण उड्या मारत जाणारा मासा दिसला तर दचकू नका, ती निवटी. कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी भरून घेते आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेते, म्हणून तासन् तास चिखलावर हिंडते. डोळे डोक्याच्या वर असतात. ते सुकू लागले की खाली खोबणीत ओढून ओले करते आणि पुन्हा वर काढते. आगरी-कोळी घरांत निवट्यांचं कालवण होतं, पण आपण नुसतं बघायचं!

दुसरी सहल गावाकडची. भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. वसई जिंकल्यावर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी नवस फेडून वज्रेश्वरीचं देऊळ बांधवलं. पण आपण खाली तानसा नदीच्या पात्रातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे उतरायचं. उन्हाळ्यात गरम पाण्याला कोण जातं, असं म्हणू नका. पावसाळ्यात पात्रातले झरे बुडालेले असतात, ते उघडे बघायचे तर हेच दिवस. सकाळी लवकर जायचं.

इथे ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल खोल झिरपतं. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की उष्णता पंचवीस-तीस अंशांनी वाढते. वर पाणी पन्नास अंशांच्या आसपास कढत येतं. तुम्हीच सांगा, किती खोलवरून आलं असेल? किलोमीटरभर तरी नक्की. आणि या भेगा कशाने पडल्या? सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरांवर थर साचले, त्यातूनच आपला सह्याद्री झाला. त्याच सुमारास पश्चिमेकडची जमीन तुटून दूर गेली. आज हिंदी महासागरात जी सेशेल्स बेटं आहेत, ती आपल्या शेजारची होती! त्या ताटातुटीत कोकणपट्टी किनाऱ्याला समांतर फाटली. पार राजापूरपर्यंत कोकणात गरम झऱ्यांची रांग लागते, ती याच फाटलेल्या पट्ट्यात. म्हणजे जिथे भरती येते तो किनारा आणि हे कढत पाणी, दोन्ही त्या एकाच तुटण्यातून मिळाली.

आता राहिले काजवे. मेअखेर, वळवाच्या सरी पडल्या की मुरबाडकडच्या सिद्धगडाच्या रानात ते झाडंच्या झाडं लुकलुकवतात. त्यांच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य प्राणवायूशी मिसळून उजळतं, आणि उष्णता जवळजवळ होतच नाही. काळोख जितका गडद तितकं उत्तम, म्हणून वैशाख अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडू. त्या दिवशी खाडीला उधाण असेल, सव्वाअकराच्या पुढे. दिवसा ऐरोली, रात्री मुरबाड. बॅटरी आणि मोबाइलचे दिवे मात्र बंद ठेवायचे. नर लुकलुकून मादीला हाक मारतो, ती खालून तशीच उत्तर देते, आणि आपला उजेड पडला की दोघांना एकमेकांचा पत्ता लागत नाही.