मॉनिटरचे पैसे नेमके कशाचे?

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ छापून आलं, तेव्हा गठ्ठ्यातला पहिला अंक हातात घेऊन मी बराच वेळ गप्प उभा होतो. मॉनिटरवर पेटल्यासारखा दिसणारा झेंडू कागदावर विटकरी उतरला होता. मागच्या काळोखात ठेवलेली पितळी समई तर जवळजवळ गडपच झाली होती. दोनच महिन्यांपूर्वी आम्ही आमच्या कामासाठी नवा फोर-के मॉनिटर घेतला होता, तोवरच्या सगळ्या मॉनिटरांपेक्षा महाग. छापखान्यानं प्लेट बरोबर काढली होती, शाईही बरोबर सोडली होती. चूक आमच्या टेबलावरच झाली होती आणि ती समजून घेताना मॉनिटरबद्दलचे माझे बरेच समज गळून पडले.

डीटीपी करणारे, लग्नाचे फोटो काढणारे, मुलांसाठी कॉम्प्युटर घेणारे आईबाप, सगळे एकच प्रश्न विचारतात: एवढे पैसे मॉनिटरवर घालावेत का? उत्तर देण्याआधी एक गोष्ट सुटी करून पाहावी लागते. महाग मॉनिटरच्या किमतीत दोन वेगळे गुण एकत्र बांधलेले असतात. एक रेखीवपणा, दुसरा रंगांची खात्री. रेखीवपणा आज स्वस्त झाला आहे, खात्री अजूनही महाग आहे. आपल्याला यातलं काय हवं आहे हे न ठरवता दुकानात गेलं, की पैसे चुकीच्या जागी जातात.

गैरसमज १: रिझोल्यूशनचा आकडा मोठा, म्हणजे चित्र जास्त रेखीव.

वस्तुस्थिती: रिझोल्यूशन म्हणजे स्क्रीनवर एकूण ठिपके किती. फुल एचडीत ते १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख असतात. फोर-केमध्ये ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. पण हे ठिपके किती जागेत पसरलेत, यावर रेखीवपणा ठरतो. त्यासाठी एका इंचात किती पिक्सेल मावतात ते पाहायचं. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ९२ मावतात. फोर-के २७ इंचात असेल तर १६३, ३२ इंचात १३८ आणि तेच फोर-के ४३ इंची टीव्हीवर असेल तर जेमतेम १०२. म्हणजे टेबलावर मोठा फोर-के टीव्ही ठेवून काम करणाऱ्याला जागा भरपूर मिळते, पण अक्षरं जुन्या मॉनिटरपेक्षा फारशी सुबक होत नाहीत. खोक्यावर हा आकडा ठळक छापलेला नसतो. तो विचारून घ्यावा.

गैरसमज २: अमुक एका मर्यादेपुढचे पिक्सेल डोळ्याला दिसतच नाहीत, म्हणून फोर-के ही निव्वळ हौस.

वस्तुस्थिती: यात अर्धं सत्य आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या भाषेत ज्याची नजर ६/६ आहे, त्याला एक अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखता येतात. स्क्रीन डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर हे अंतर सुमारे ०.१७ मिलिमीटर भरतं, म्हणजे इंचाला १४५ पिक्सेल. २०१० साली स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन ४ चा ‘रेटिना’ पडदा दाखवताना हाच हिशेब मांडला होता. फोन डोळ्यांच्या जवळ धरला जातो, म्हणून त्यांचा आकडा ३०० च्या आसपास होता. त्यामुळे २७ इंची फोर-के मॉनिटर साध्या नजरेची ही मर्यादा ओलांडतो आणि रोजच्या कामाला पुरून उरतो.

पण दोन ठिपके वेगळे ओळखणं वेगळं आणि एखादी रेघ किंचित सरकली आहे हे जाणवणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत आपली नजर कितीतरी जास्त तीक्ष्ण असते. म्हणूनच अक्षरांच्या कडांमधला फरक मर्यादेच्या पुढेही जाणवत राहतो.

मराठीत काम करणाऱ्यांना तर हा फरक रोज भेटतो. साध्या २४ इंची मॉनिटरवर विंडोजमध्ये १० पॉइंटचं अक्षर सुमारे १३ पिक्सेल उंचीत बसतं. रोमन लिपीचं त्यात भागतं. देवनागरीला मात्र तेवढ्याच उंचीत शिरोरेषा, वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार किंवा रफार आणि खाली उकार किंवा जोडाक्षराचा पाय मावावा लागतो. अक्षराच्या धडाला मग सात-आठ पिक्सेलच उरतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातला भेद शिरोरेषेतल्या बारीकशा फटीवर अवलंबून असतो आणि ती फट एका पिक्सेलची होते. ‘वृद्धी’तला ‘द्ध’ बरोबर आहे की कोणी ‘ध्द’ टाइप करून ठेवलाय, हे पाहायला मुद्रितशोधकाला दर वेळी पान मोठं करावं लागतं. २७ इंची फोर-के मॉनिटरवर स्केलिंग १५० टक्के ठेवलं, की तेच अक्षर २० पिक्सेलांत बसतं आणि ती फट स्वच्छ दिसते. ‘फोर-केवर सगळं बारीक दिसतं’ ही तक्रार बहुतेकदा हे स्केलिंग न बदलल्यामुळे असते.

गैरसमज ३: रेखीव मॉनिटर हवा, तर लाखभर मोजावेच लागतात.

वस्तुस्थिती: एके काळी लागत होते, तेही लाखांच्या पटीत. आयबीएमनं २००१ साली टी२२० हा २२ इंची मॉनिटर आणला. त्याचं रिझोल्यूशन ३८४० × २४००, म्हणजे आजच्या फोर-केहून किंचित जास्तच होतं आणि सुरुवातीची किंमत सुमारे २२ हजार डॉलर होती. जवळपास तेवढेच पिक्सेल आज साध्या २७ इंची मॉनिटरमध्ये २५ हजार रुपयांच्या आसपास मिळतात. ॲपलचा २७ इंची फाइव्ह-के स्टुडिओ डिस्प्ले २०२२ मध्ये भारतात १,५९,९०० रुपयांना आला. त्याचे इंचाला २१८ पिक्सेल डोळ्याला सुखावतात, पण १६३ वरून २१८ वर गेल्याचं समाधान ९२ वरून १६३ वर गेल्याइतकं मोठं नसतं. पहिली उडी स्वस्त आहे आणि खूप काही देते. दुसरी महाग आहे आणि थोडं देते. मॅक वापरणाऱ्यांना मात्र दुसरीही जरा जास्त जाणवते. कारण २०१८ च्या मोजावे आवृत्तीपासून ॲपलनं कमी पिक्सेलांच्या पडद्यावर अक्षरं सुबक दाखवणारी जुनी युक्ती काढून टाकली.

गैरसमज ४: महाग मॉनिटरवर रंग जास्त झगझगीत दिसतात आणि तेच खरे रंग.

वस्तुस्थिती: व्यावसायिक मॉनिटरचं काम रंग खुलवण्याचं नसून फाइलमध्ये आहे तोच रंग दाखवण्याचं आहे. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेला ‘एसआरजीबी’ हा रंगपल्ला इंटरनेटवर आजही पायाभूत आहे. माणसाला दिसणाऱ्या रंगांपैकी साधारण एक तृतीयांश त्यात मावतात. १९९८ चा ‘ॲडोबी आरजीबी’ निम्म्याच्या आसपास जातो. मोठ्या पल्ल्याचा मॉनिटर रंगांची व्यवस्था न लावता वापरला, की लहान पल्ल्यासाठी केलेलं चित्र ताणलं जातं. हळदीचा समारंभ केशरी होतो आणि नवरीचा चेहरा लालबुंद. दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेल्या स्क्रीनपैकी आपला हात भडक स्क्रीनकडे जातो. कामासाठी निवड करताना तो हात आवरावा लागतो.

गैरसमज ५: मॉनिटर चांगला असला, की स्क्रीनवर दिसतं तसंच छापून येतं.

वस्तुस्थिती: आमचा झेंडू इथेच फसला. मॉनिटर स्वतः उजेड फेकतो, कागद समोरचा उजेड परतवतो. मॉनिटर लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंग घडवतो, तर ऑफसेट मशीन निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून. झळझळीत केशरी, पोपटी किंवा मोरपिशी निळा यांतल्या कित्येक छटा त्या चार शायांना गाठताच येत नाहीत. कितीही पैसे मोजलेला मॉनिटर त्या छटा कागदावर आणू शकत नाही. छपाईत कुठली छटा हरवणार आहे, एवढं तो आधी दाखवू शकतो. तेही त्याला तसं सांगितलं तर.

आम्ही ते सांगितलंच नव्हतं. मॉनिटर खोक्यातून काढला तसाच वापरला, ब्राइटनेस पूर्ण ठेवून. छपाईचं काम करणारे स्क्रीनचा उजेड साधारण ८० ते १२० निट (निट हे उजेडाचं एकक) ठेवतात. आमचा त्याच्या तिपटीच्या आसपास असावा. एवढ्या उजेडात समईभोवतीचा काळोख उजळ वाटला, म्हणून आम्ही तो आणखी गडद केला. शिवाय टेबल खिडकीशी होतं. सकाळी पांढऱ्या आणि संध्याकाळी पिवळ्या उजेडात आम्ही एकच रंग दोनदा ‘बरोबर’ केला. स्क्रीनवर टेकवून रंग मोजणारं छोटं यंत्र असतं, कॅलिब्रेटर. ते असतं तर मॉनिटर याहून स्वस्त असता तरी चाललं असतं.

गैरसमज ६: आतलं पॅनेल सगळ्यांचं एकच. वरचे पैसे नावाचे.

वस्तुस्थिती: पॅनेल बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, एवढं खरं. एलजी, बीओई, एयूओ यांची पॅनेलं निरनिराळ्या नावांच्या मॉनिटरांत बसतात. पण पॅनेल म्हणजे कणीक. पोळी कशी होते ते पुढच्या कामावर ठरतं. घरी एक परीक्षा करून पाहा. अर्धा तास मॉनिटर चालू ठेवा, खोलीत अंधार करा आणि पडदाभर एकसारखा करडा रंग उघडा. साध्या मॉनिटरवर एखादा कोपरा पिवळसर, एखादी कड मळकट दिसेल. पत्र लिहिताना त्यानं काही बिघडत नाही. पण पांढऱ्या साडीचा फोटो सुधारताना साडीचा पिवळेपणा फोटोत आहे की पडद्यात, हे कळेनासं होतं.

जपानच्या एइझो कंपनीच्या कलरएज मालिकेसारख्या मॉनिटरांत हा फरक पडदाभर मोजून आतूनच दुरुस्त केलेला असतो. रंगांची दुरुस्ती कॉम्प्युटरमध्ये न होता मॉनिटरच्या आतल्या तक्त्यात होते, त्यामुळे आकाशाच्या फिकट होत जाणाऱ्या निळाईत पट्टे पडत नाहीत. वरच्या मॉडेलांत रंग मोजणारा सेन्सर मॉनिटरमध्येच बसवलेला असतो. वर्षांनुवर्षं, दर महिन्याला, तोच रंग तसाच दिसेल, याचे ते पैसे असतात. रुग्णालयात एक्स-रे पाहण्याचे मॉनिटर महाग असतात, तेही याच कारणानं. तिथे करड्या छटा डायकॉम या ठरलेल्या मापानुसारच दिसाव्या लागतात. त्यातली एक छटा हरवणं परवडत नाही.

स्वस्त मॉनिटरच्या खोक्यावरही ‘डेल्टा ई २ हून कमी’ असं लिहिलेलं असतं. डेल्टा ई म्हणजे अपेक्षित आणि प्रत्यक्ष रंग यांतलं अंतर. ते १ च्या आत असेल तर डोळ्याला सहसा कळत नाही. पण असा आकडा नव्या मॉनिटरचा असतो. तीन वर्षांनी तो किती राहील, हे खोकं सांगत नाही.

गैरसमज ७: ‘एचडीआर’ लिहिलंय, म्हणजे सिनेमा संपादनाला चालेल.

वस्तुस्थिती: एचडीआर म्हणजे खोल काळोख आणि लख्ख उजेड एकाच चित्रात दाखवण्याची क्षमता. व्हेसा या संस्थेच्या डिस्प्लेएचडीआर श्रेणीत ४०० पासून १४०० पर्यंत पायऱ्या आहेत. तळाच्या ४०० च्या पायरीवर खोल काळा आणि लख्ख पांढरा शेजारी-शेजारी दिसण्याची फार अपेक्षा ठेवू नये. ॲपलनं २०१९ मध्ये प्रो डिस्प्ले एक्सडीआर आणला, त्यात मागचा उजेड ५७६ वेगवेगळ्या भागांत कमी-जास्त होतो आणि पडदाभर १,००० निट टिकतो. किंमत होती ४,९९९ डॉलर, स्टँडचे ९९९ वेगळे. चित्रपटाचे रंग बसवणाऱ्याच्या कमाईतून ते वसूल होऊ शकतात. घरी वेब मालिका पाहणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

गैरसमज ८: महाग मॉनिटरनं डोळ्यांचा त्रास थांबतो.

वस्तुस्थिती: रेखीव अक्षरं वाचायला सुखाची असतात, इतकंच. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशानं डोळ्याला इजा होते याचा पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीचं म्हणणं आहे. टक लावून पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यानं डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहणं फुकट आहे.

मग पैसे कुठे घालावेत? लेखन, हिशेब, प्रोग्रामिंग, मुद्रितशोधन करणाऱ्यांनी २७ इंची साधा फोर-के घ्यावा. त्याआधी आपला कॉम्प्युटर सेकंदाला ६० चित्रं पाठवू शकतो का ते पाहावं, कारण जुन्या एचडीएमआय १.४ जोडणीतून फोर-केला ३०च मिळतात आणि माउसचा बाण अडखळत चालतो. छपाईसाठी डिझाइन करणाऱ्यांनी आणि फोटोग्राफरांनी ॲडोबी आरजीबी बऱ्यापैकी दाखवणारा मध्यम किमतीचा मॉनिटर घ्यावा आणि सोबत कॅलिब्रेटर. सगळ्यात महाग पायरी त्यांची, ज्यांना एक रंग चुकला तर नुकसान भरून द्यावं लागतं किंवा रोग्याला भोगावं लागतं.

आम्ही दुसरा मॉनिटर घेतला नाही. कॅलिब्रेटर घेतला, टेबल खिडकीपासून हलवलं, उजेड १०० निटवर आणला आणि छापखान्याकडून त्यांच्या कागदाचं रंगप्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर कुठला रंग कसा उतरतो याची फाइल, मागून घेतलं. ते लावल्यावर पहिल्या दिवशी पडदा मलूल वाटला, झेंडू तर फारच साधा. तसाच ठेवून पुढच्या दिवाळीचं मुखपृष्ठ केलं. गठ्ठा आला, अंक मॉनिटरशेजारी धरला. दोन्हीकडचा झेंडू एकच होता आणि काळोखातल्या समईची वात, तिच्याखालची पितळेची कड, सगळं जागच्या जागी दिसत होतं.