आजीचा प्रश्न आणि खिशातला बिनतारी संच

गेल्या चतुर्थीच्या सुट्टीत इब्रामपूरला घरी असताना आजीने मला एक प्रश्न विचारला. आमचे घर डोंगराच्या कुशीत, खालच्या वाडीवर आहे. फोन वाजतो, पण दोन वाक्ये झाली की बोलणे तुटते. मग तो कानाला लावून काजूच्या बागायतीतून वर सड्यावर पळावे लागते. माझी ही धावपळ पाहून आजी म्हणाली, "बाबा, मी लहान असताना त्या रानातल्या रेडिओचा आवाज खालच्या वाडीपर्यंत यायचा. तुझ्या एवढ्या महागाच्या यंत्राचा का येत नाही?" मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी, पण मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

आजी म्हणत होती तो रेडिओ म्हणजे गोवा मुक्तिलढ्यातील गुप्त नभोवाणी केंद्र. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या जंगलातून ते सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे ते चालवीत. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात पोर्तुगीजांकडून हाती आलेल्या बिनतारी संचांत फेरफार करून प्रक्षेपक तयार करण्यात आला होता आणि तो एका ट्रकमध्ये बसविला होता. पुढे हे केंद्र कॅसल रॉक येथे हलविण्यात आले. कोकणी व पोर्तुगीज भाषांतून ते १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे गोवा मुक्त होईपर्यंत बोलत राहिले.

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू. त्या काळच्या नभोवाणीच्या लहरींची लांबी काही दहा मीटरांपासून काहीशे मीटरांपर्यंत असे. अशा लांब लहरी टेकडीला वळसा घालून पलीकडे उतरतात. लघुलहरी तर आकाशातील आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरच्या गावी पोचतात. मोबाइलच्या ९०० मेगॅहर्ट्‌झच्या लहरीची लांबी मात्र केवळ ३३ सेंटिमीटर. २०२२ च्या ऑक्टोबरात भारतात सुरू झालेल्या ५-जी सेवेतील ३३०० मेगॅहर्ट्‌झची लहर तर जेमतेम ९ सेंटिमीटरांची. लहर जितकी आखूड, तितकी ती उजेडासारखी वागते. डोंगर आड आला की सावली पडते. आमची खालची वाडी अशा सावलीत आहे.

मग जुन्याच लांब लहरी का वापरीत नाहीत? याचे कारण जागेची टंचाई. नभोवाणी केंद्र एक बोलते आणि लाखो ऐकतात. टेलिफोनवर लाखो माणसे एकाच वेळी वेगवेगळे बोलतात. एवढ्या संभाषणांना पुरेल असा रुंद पट्टा वरच्या कंप्रतांतच मिळतो. आणि वरच्या कंप्रतांवर काम करावयाचे तर जुने भाग चालत नाहीत. नव्या घटकांची कहाणी येथून सुरू होते.

कोणत्याही बिनतारी यंत्राला चार कामे करावी लागतात : अचूक लय धरणे, हवी ती लहर निवडणे, क्षीण लहर वाढविणे आणि स्वतःची लहर जोराने बाहेर टाकणे. ट्रकमधील प्रक्षेपक असो की खिशातला फोन, पद्धत बदलली तरी कामे फारशी बदलली नाहीत.

लय धरण्याचे काम स्फटिक करतो. काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. याच्या उलट, वीज दिली असता स्फटिक कंप पावतो. क्वार्ट्‌झच्या चकतीचे कंपन तिच्या मापावर ठरते, म्हणून ते घड्याळासारखे नियमित असते. आजच्या फोनमध्येही स्फटिक असतो. मात्र तो तांदळाच्या दाण्याहूनही लहान असू शकतो.

लहर निवडण्याचे काम घरच्या जुन्या रेडिओत कॉइल आणि कंडेन्सर करीत. बटण फिरविले की गँग कंडेन्सरची पाती एकमेकांत शिरत व स्टेशन बदले. पण ९०० मेगॅहर्ट्‌झवर, अगदी शेजारच्या लहरी अडवू शकेल अशी धारदार गाळणी लहानशा कॉइलमधून साधत नाही. येथे शास्त्रज्ञांनी मोठी युक्ती योजली. लिथियम नायोबेटसारख्या स्फटिकाच्या तुकड्यावर धातूच्या अतिसूक्ष्म रेघा, दोन कंगवे एकमेकांत घातल्यासारख्या आखतात. विजेची लहर तेथे येताच स्फटिकाच्या पृष्ठभागावर, तळीतल्या पाण्यावर उठावी तशी यांत्रिक लहर उठते. ती सेकंदाला सुमारे चार किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या सुमारे पाऊण लाखाव्या वेगाने चालते. वेग घटला की तरंगलांबीही त्याच प्रमाणात घटते. ३३ सेंटिमीटरांची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-साडेचार पट एवढीच उरते. रेघांच्या अंतराशी जिचे माप जुळते ती लहर बळावते. बाकीच्या आपसांत विरून जातात. अशा पृष्ठलहरींचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये मांडले होते. कंगव्याची रचना व्हाइट आणि व्होल्टमर यांनी १९६५ मध्ये केली. मधली ८० वर्षे ते गणित जणू वाट पाहत होते!

कंप्रता आणखी वाढली की रेघा इतक्या बारीक कराव्या लागतात की ते अवघड होते. तेव्हा ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर देऊन लहर पृष्ठभागावरून न नेता थराच्या जाडीतून नेतात. सुमारे दोन हजार मेगॅहर्ट्‌झच्या वर या दुसऱ्या जातीच्या गाळण्या विशेष उपयोगी पडतात.

या गाळण्यांवाचून किती अडेल ते पाहा. ४-जीचा फोन बोलताना सुमारे ०.२ वॅट शक्ती बाहेर टाकू शकतो. त्याच क्षणी मनोऱ्याकडून येणारी लहर एका वॅटच्या दहा लाख कोटीव्या भागाएवढी क्षीण असू शकते. म्हणजे बोलणे ऐकण्याहून दोन लाख कोटी पट मोठे! शिमग्याच्या ढोलाशेजारी उभे राहून दूरच्या माणसाची कुजबुज ऐकण्याहूनही हे कठीण. बोलण्याचा आणि ऐकण्याचा पट्टा वेगळा ठेवणारी गाळण्यांची जोडी हे काम मुकाट्याने करीत असते.

तिसरे काम वर्धनाचे. प्रत्येक वर्धक लहरीबरोबर स्वतःचा थोडा गोंगाटही मिसळतो. फ्रिस या शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये दाखविले की साखळीतील पहिला वर्धक पुरेसा जोरकस असेल, तर एकूण गोंगाट मुख्यतः तोच ठरवितो. पहिल्याने बिघडविले ते पुढचा सुधारू शकत नाही. हे तत्त्व आपल्याकडे सर्वांत भव्य रूपात पाहावयाचे असेल तर नारायणगावजवळील खोडदला जावे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. याच स्वरूपांनी १९६५ मध्ये कल्याणला ३२ लहान तबकड्या जुळवून आरंभ केला होता. खोडदच्या दुर्बिणीचे ग्राहक अलीकडे नवे करण्यात आले. त्यांतील एक पट्टा ५५० ते ८५० मेगॅहर्ट्‌झचा, त्याच्या वरचा १०५० मेगॅहर्ट्‌झपासून पुढचा. मोबाइलचा ९०० चा पट्टा नेमका मधल्या मोकळ्या जागेत पडतो. आपल्या गप्पा आणि आकाशगंगांची कुजबुज यांच्यामध्ये उभी असते ती एक चांगली गाळणी.

चौथे काम लहर जोराने बाहेर टाकण्याचे. पूर्वी ते तापलेले व्हॉल्व्ह करीत, मग सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले. आता मनोऱ्यांवर गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर येत आहेत. हा पदार्थ सिलिकॉनपेक्षा अधिक व्होल्टेज आणि उष्णता सहन करतो, म्हणून लहानशा तुकड्यातून मोठी शक्ती मिळते.

येथे एक गोष्ट मनाला लागते. फोनची जुळणी आज आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर होते. पण या गाळण्या बहुतांशी जपान-अमेरिकेतील मोजक्या कंपन्यांकडून येतात. आपल्याकडे पाया नाही असे नव्हे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सूक्ष्मलहरींच्या कामातून १९८४ मध्ये मुंबईत 'समीर' ही संस्था उभी राहिली. पण पायावर भिंत चढवायची तर माणसे हवीत, आणि ती आपल्यासारख्या महाविद्यालयांतूनच यावयाची. आंबोलीच्या रानात परक्याचा संच उघडून त्याला आपल्या भाषेत बोलायला लावले गेले. आपण मात्र फोन बिघडला की तो न उघडता नवा आणतो.

आजीला मी आता उत्तर दिले आहे. "आजी, तेव्हाची लहर लांब होती, ती डोंगर ओलांडून यायची. आताची आखूड आहे, तिला डोंगर आडवा येतो. पण तिच्यावर लाखो माणसे एकदम बोलतात." आजीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "लाखो बोलतात, पण आमच्या वाडीतले बोलतात काय?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. ७०० मेगॅहर्ट्‌झची थोडी लांब लहर किंवा सड्यावरचा एक लहान पुनःप्रक्षेपक ते देऊ शकेल. ते कोणीतरी मनावर घेतले पाहिजे. तो 'कोणीतरी' आपल्या वर्गातला का असू नये?