विवाह कोणाच्या हिताचा? भोर-वेल्ह्याकडे पाहून केलेला विचार

विवाह हिताचा की अहिताचा, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. मुलगा मिळवता झाला, मुलगी वयात आली, की लग्न व्हायचेच, असे आपण धरून चालतो. जी गोष्ट व्हायचीच तिचा हिशेब कोण मांडतो? पण शेतीचा, दुकानाचा, सोसायटीचा हिशेब आपण दरसाल पाहतो. ज्या संस्थेत माणसाचे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य गुंतते, तिचा हिशेब एकदा तरी पाहावा, यात अधर्म नाही. तो आज आपण पाहू, आणि पुस्तकी नव्हे तर भोर व वेल्हे या दोन तालुक्यांतला पाहू. यांपैकी वेल्ह्याचे नाव राजगड करण्यास मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. परंतु बोलताना जुने नाव अजून तोंडी आहे, म्हणून तेच वापरतो.

प्रथम विद्वान काय म्हणतात ते थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधील विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाने १८५८ साली फ्रान्समधील मृत्यूंचे आकडे तपासून असे दाखविले की, विवाहित माणसे अविवाहितांपेक्षा एकंदरीत अधिक जगतात. पुढे १८९७ मध्ये एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात एक पाऊल पुढे टाकले. विवाह माणसाला सावरतो हे त्याने मान्य केले. पण पुरुषाला तो जितका सावरतो तितका स्त्रीला सावरीत नाही, असे त्याच्या आकड्यांतून निघाले. १९७२ मध्ये जेसी बर्नार्ड या अमेरिकन विदुषीने तर असे मांडले की, प्रत्येक विवाहात दोन विवाह असतात, एक नवऱ्याचा आणि एक बायकोचा; आणि नवऱ्याचा विवाह अधिक लाभाचा असतो.

येथे एक सावधगिरी हवी. विवाहित माणूस निरोगी दिसतो तो विवाहामुळे, की निरोगी व मिळवत्या माणसाचेच लग्न लवकर जुळते म्हणून? दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या आहेत. म्हणून नुसत्या आकड्यांवर निकाल देता येत नाही. विवाहातून नेमके काय मिळते, ते कोणाच्या हाती पडते, हे सुटेसुटे करून पाहावे लागते. मला त्यात मुख्यतः तीन गोष्टी दिसतात : श्रम, मालमत्ता आणि आधार.

श्रमापासून सुरुवात करू. हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिडखोरे हा सगळा डोंगराळ मुलूख. पाऊस उदंड, पण जमीन तुकड्यातुकड्यांची. भात, नाचणी, वरी एवढ्यावर वर्ष निघत नाही. त्यामुळे येथला पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत आला. कोणी गिरणीत गेला, कोणी गोदीत, कोणी बाजारात ओझी वाहू लागला. बायको गावी राहिली. चिखलणीला पुरुष मिळाला तर मिळाला. पण लावणी, बेणणी, कापणी, गुरे, सरपण, पाणी आणि सासू-सासऱ्यांचे दुखणेखुपणे हे सारे तिच्याकडे. धरणांचा हा तालुका, तरी डोंगरकुशीतल्या वाड्यांवर उन्हाळ्यात हंडा घेऊन चालावे लागते, आणि ते चालणेही तिच्याच वाट्याला येते.

आता गंमत अशी की, गावात ज्या कामाला कोणी काम म्हणत नाही, त्याला मुंबईत दर होता. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगाराला दोन वेळचे जेवण खाणावळीतून घ्यावे लागे आणि महिन्याच्या महिन्याला त्याचे पैसे मोजावे लागत. या खाणावळी चालविणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. सावकाराच्या कर्जातून त्यांना सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. म्हणजे तीच भाकरी परळच्या चाळीत थापली तर तो व्यवसाय, आणि वेल्ह्याच्या चुलीपुढे थापली तर ते कर्तव्य! काम एकच, फरक एवढाच की, मध्ये लग्न उभे आहे.

ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेची पाहणी केली. माणसे दिवसाचा वेळ कशात घालवितात याची ती नोंद होती. घरातली बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ निघाल्या, पुरुष २६. आणि जे करतात त्यांच्यातही स्त्रीचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७. म्हणजे श्रमाच्या खात्यात पुरुषाकडे जमा आहे आणि स्त्रीकडे खर्च.

पुरुषाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. मुंबईला दहा जणांच्या खोलीत पाळीने झोपणारा आणि वर्षातून एकदोनदा घर पाहणारा गडी काही सुखात लोळत नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो माणसे रिकाम्या हातांनी गावी परतली. मिळवता असणे हीच ज्याची ओळख, त्याची मिळकत गेल्यावर घरात त्याला स्वतःचे स्थानच सापडेना. कमावण्याचे सारे ओझे एकट्यावर घेण्याची किंमत पुरुषही मोजतो. पण अशा वेळी घर तगले ते कोणाच्या जोरावर? गावाकडे शेत जिने राखले, तिच्याच.

आता दुसरे खाते, मालमत्तेचे. ज्या जमिनीत ती तीस वर्षे राबली, तिच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचे? बहुधा नवऱ्याचे, नाहीतर सासऱ्याचे. जोवर सर्व सुरळीत आहे तोवर या कागदाची आठवण होत नाही. भोर-वेल्ह्यात मात्र ती वारंवार झाली. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी अशी एकामागून एक धरणे झाली. शेते पाण्याखाली गेली. भरपाईची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाने येते, राबणाऱ्या हातांच्या नावाने येत नाही. पुढे पुणे वाढत आले, डोंगरउतारावर बंगल्यांसाठी जमिनी विकल्या जाऊ लागल्या. खरेदीखतावर सही नावाच्या धन्याची. शेतकऱ्यांसाठी २०१९ पासून वर्षाला ६००० रुपयांची केंद्राची मदत सुरू झाली, तीही जमीनधारकाच्या खात्यात. कागदावर नाव नाही म्हणजे सरकारच्या लेखी ती शेतकरीच नाही.

हे ओळखून शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ हाती घेतली. शेतकऱ्याने आपण होऊन जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करावा, एवढेच तिचे मागणे. १९९२ मध्ये शासनानेही पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची वाट परिपत्रकाने मोकळी केली. वाट मोकळी झाली. तिच्यावरून किती पावले गेली, हे प्रत्येकाने आपल्या घरच्या उताऱ्यावर पाहावे.

कोणी म्हणेल, बायकोला सासरी नाही तर माहेरी तरी हक्क आहे. कायद्याने तो आहेच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. सर्वोच्च न्यायालयानेही ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात तो पक्का केला. पण वडील वारल्यावर बहिणींना तलाठ्याकडे वा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बोलावले जाते आणि त्या हक्कसोडपत्रावर सही करून येतात. का करतात? भोळेपणाने नव्हे. उद्या सासरी काही उणे झाले तर भावाचे दार उघडे राहावे, दिवाळीला बोलावणे यावे, एवढ्यासाठी त्या जमीन सोडतात. म्हणजे लग्नात धोका आहे हे बाई जाणते, आणि त्या धोक्याचा विमा ती आपल्या वाट्याच्या जमिनीने भरते. पुरुषाला असा विमा कधी भरावा लागत नाही.

तिसरे खाते आधाराचे. सोबत, मुलेबाळे, म्हातारपणी विचारपूस यांचा लाभ दोघांनाही होतो, आणि तो लहान नाही. एकटेपणा दोघांनाही खातो. चांगल्या जोडप्याला ‘विवाहाने काय दिले?’ असे विचारले तर ते हसतील. त्यांना हिशेबाची गरज पडत नाही. परंतु संस्थेची परीक्षा चांगल्या दिवसांवर होत नाही. ती मोडते तेव्हा कोण कोठे उभे राहते, यावर होते.

पूर्वी उच्चवर्णीयांत विवाह मोडण्याची सोयच नव्हती. कष्टकरी जातींत काडीमोड होता, पाट होता. पण १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यानेही विधवेने दुसरे लग्न केले तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जात असे. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला, १९५५ मध्ये तो देशभर झाला, १९५६ मध्ये विधवेला मिळालेली मालमत्ता पूर्णपणे तिची झाली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने नांदत्या घरात राहण्याचा हक्क दिला. यातल्या प्रत्येक कायद्याने विवाह दुबळा झाला अशी ओरड झाली. वस्तुतः झाले उलटेच. बाहेर पडण्याचे दार जिला आहे, तिचे आत राहणे हे तिच्या मनाचे असते.

हक्कांबरोबर हातात पैसाही हवा. वेल्हे, भोर, हवेली या भागांत ज्ञान प्रबोधिनीने बायकांचे बचत गट उभे केले. महिन्याला थोडे पैसे टाकायचे आणि अडीनडीला आपल्याच गटातून कर्ज घ्यायचे, इतकी ती साधी रीत. पण नवऱ्याला वा सावकाराला न विचारता मुलाच्या फीचे पैसे काढता येणे, याने घरातले बोलणे बदलते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या चाली बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचा मान जाऊ नये, हे एका ग्रामपंचायतीने लिहून ठेवले.

या सगळ्याचा पुरुषांशी काय संबंध, असे तरुणांना वाटेल. फार जवळचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जुळलेल्या तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. लोक हसले, पण ते दुःख खरे होते, आणि मावळातल्या गावांनाही ते परके नाही. मुली शेतकरी नवरा नको म्हणतात, पुण्यात नोकरी आणि खोली पाहतात. त्यांना दूषणे देण्यापूर्वी विचार करावा की, त्यांनी आपल्या आयांचा हिशेब डोळ्यांनी पाहिला आहे. श्रम तिचे, नाव दुसऱ्याचे, अशा घरात त्या कशाला येतील?

तात्पर्य इतकेच. पुरुषाला विवाहाचा लाभ बहुधा विवाह झाल्यानेच मिळतो. स्त्रीला तो अटींवर मिळतो : कामात वाटेकरी असावा, उताऱ्यावर नाव असावे, हाती थोडा पैसा असावा आणि माहेरचे दार जमीन सोडल्यावाचून उघडे असावे. या अटी आपल्या हातातल्या आहेत. त्यांतल्या एकीला तर तलाठ्याच्या कचेरीत एक अर्ज पुरतो. तो अर्ज ज्या घरातून जाईल, त्या घरापुरते तरी ‘विवाह कोणाच्या हिताचा?’ या प्रश्नाचे उत्तर ‘दोघांच्या’ असे देता येईल.