एक चाक चिखलात, तर दुसरे स्वस्थ का?

आमचे घर रायपूरच्या तात्यापाऱ्यात आणि शेत आरंगजवळ. आजोबांची महिंद्राची जुनी पिकअप कित्येक वर्षे शेतातून मंडीत धान वाहते. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत अवेळी पाऊस आला आणि पोत्यांनी भरलेली ती गाडी बांधाजवळ अडकली. मागचे डावे चाक कन्हारच्या काळ्या चिखलात गरगरत होते. उजवे टणक जमिनीवर होते, पण जागचे हलत नव्हते. ट्रॅक्टर येईपर्यंत अंधार पडला आणि निम्मी पोती भिजली. बाबा म्हणाले, "आता ही विकून टाकू." आजोबा काहीच बोलले नाहीत. मी म्हणालो, "बाबा, उन्हाळ्यापर्यंत थांबा. मी उपाय शोधतो."

आधी कारण शोधले. परेडमध्ये 'दाहिने घूम' झाले की आतला कॅडेट लहान पावले टाकतो आणि बाहेरचा लांब. चाकांचेही तसेच. दोन चाकांत १.२ मीटर अंतर असेल, तर पूर्ण फेरीत बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे साडेसात मीटर जास्त धावते. हा फरक सांभाळतो तो डिफरेन्शियल. पण साधा डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. चिखलातले चाक ५० न्यूटन-मीटरवरच घसरत असेल, तर टणक जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच जोर मिळतो. तेवढ्यात भरलेली गाडी हलत नाही.

यावरचा उपाय म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल. ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांचे एक चाक असेच फिरत राही, म्हणून फर्डिनांड पोर्शे यांच्या सांगण्यावरून झेडएफ कंपनीने १९३५ मध्ये तो तयार केला. १९५६ मध्ये अमेरिकेत स्टुडबेकर-पॅकार्डने तो सर्वसामान्य मोटारींत आणला.

माझ्यापुढे चार पर्याय होते.

पहिला मिस्त्रींचा: "अंदर के गियर वेल्डिंग कर देते हैं." खर्च जवळजवळ शून्य. पण मग दोन्ही चाके कायमची एकत्र फिरणार, वळणावर टायर घासणार आणि ॲक्सल शाफ्ट तुटण्याची भीती. आजोबा शहरातही गाडी चालवतात, म्हणून हा पर्याय रद्द.

दुसरा आपोआप लागणारा लॉकर. चिखलात हा सर्वांत जोरदार. पण वळणावर तो खटके देतो, आणि ओल्या रस्त्यावर असा खटका आजोबांना नको.

तिसरा गिअरचा, म्हणजे टॉर्सन जातीचा. अमेरिकी सैन्याच्या हमवीमध्ये हाच असतो. यात झिजणाऱ्या क्लच प्लेटा नसतात. याचे प्रमाण ३ असेल, तर घसरणाऱ्या चाकावरच्या ५० न्यूटन-मीटरच्या बदल्यात दुसऱ्या चाकाला १५० मिळतात. पण चाक हवेत लटकले तर शून्याची तिप्पटही शून्यच! म्हणून हमवीचा चालक अशा वेळी ब्रेक हलकासा दाबून ठेवतो.

चौथा क्लच प्लेटांचा. यातल्या स्प्रिंग प्लेटांना सतत दाबून ठेवतात, म्हणून चाक हवेत असले तरी दुसऱ्याला थोडा जोर मिळतोच. प्लेटा झिजतात, पण बदलता येतात. मात्र तेलात यासाठीचे खास द्रव्य घालावे लागते, नाहीतर वळताना प्लेटा थरथरतात.

मी चौथा निवडला. आजोबांची बरीच धाव डांबरी रस्त्यावर असते, चिखल वर्षातून काही दिवसच, आणि दुरुस्ती आमच्या मिस्त्रींच्या हातातली.

पण खरेदीआधी मोजमाप हवे. पुढच्या चाकांना ओटी लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आम्ही मागची दोन्ही चाके स्टँडवर उचलली. एक चाक हाताने फिरवले, तर दुसरे उलटे फिरले. म्हणजे डिफरेन्शियल साधाच होता. मग झाकण उघडून दात मोजले: क्राउनला ४३, पिनियनला ८, म्हणजे ५.३८ चे प्रमाण. जुन्या विलीस सीजे-३बी जीपचेही हेच. शेवटी ॲक्सल शाफ्टच्या टोकावरच्या खाचा मोजल्या, त्या १० निघाल्या. जुन्या ॲक्सलला १०, नंतरच्यांना १९ किंवा ३० असतात. खाचा किंवा प्रमाण जुळले नाही, तर महागडा भागही टेबलावरच राहतो. मी आधी जो मागवणार होतो, तो १९ खाचांचा होता!

या दिवाळीत त्याच बांधाजवळ पुन्हा चिखल होता. आजोबांनी पहिला गिअर टाकला. डावे चाक थोडे घसरले, उजव्याने जमीन धरली आणि गाडी हळूहळू बाहेर आली. पोती कोरडीच मंडीत पोहोचली. एक सावधगिरी मात्र आजोबा पाळतात: ओल्या डांबरावर जास्त रेस दिली, तर आता दोन्ही चाके एकदम घसरून गाडीचे शेपूट फिरू शकते. म्हणून वळणावर पाय हलका.

गाडी विकण्याचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. तुमच्या घरी अशी जुनी गाडी असेल, तर किंमत विचारण्याआधी दात आणि खाचा मोजा.