डिझेलची रुजुवात

मालमोटारीच्या एंजिनातले सर्वांत नाजूक काम बोटभर लांबीच्या एका पोलादी नळकांड्याकडे सोपवलेले असते, आणि एंजिन अडले की पहिला आरोपही त्याच्यावरच ठेवला जातो. इंजेक्टर हे त्याचे कागदोपत्री नाव. रस्त्याकाठच्या गॅरेजांतून मात्र त्याला सरसकट नोझल म्हणतात. सहा सिलिंडरांचे एंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर त्या एका मिनिटात प्रत्येक नोझल १,००० वेळा उघडते आणि १,००० वेळा मिटते. आणि प्रत्येक खेपेस पूर्ण भारावर फार तर दोन थेंब डिझेल, तेही सेकंदाच्या दोन-तीन सहस्रांशांत, सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून तिने धुक्यासारखे फवारायचे असते. आतली सुई आणि तिचे घर यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉनांची. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनांच्या आसपास असतो. इतक्या सूक्ष्म घडणीची वस्तू धूळ, भेसळ आणि टाकीत साचलेले पाणी यांना तोंड देत लाखो किलोमीटर निभावून जाते, हेच मुळात नवल आहे. पण गाडीने धूर सोडला, चढणीवर ओढ कमी झाली, सकाळी सुरू होताना तिने कुरकुर केली, की मालक निकाल देऊन मोकळा होतो : ‘नोझल गेली!’ डिझेलच्या कामात मुरलेल्या मिस्त्रीचे कसब या घाईच्या निकालाला स्थगिती देण्यात असते.

या यंत्राच्या जन्मकथेतही इंधन आत कसे घालावे हाच प्रश्न सर्वांत अवघड ठरला होता. रुडॉल्फ डीझेल यांनी १८९२ साली आपल्या कल्पनेच्या पेटंटासाठी अर्ज केला आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्यांचे एंजिन खऱ्या अर्थाने चालले. परंतु त्यात इंधन फवारले जाई ते दाबलेल्या हवेच्या जोरावर, आणि त्या हवेसाठी निराळा अवजड कॉम्प्रेसर बाळगावा लागे. असले धूड जहाजात किंवा वीजघरात शोभावे, रस्त्यावर नव्हे. १९१३ साली अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या आगबोटीवरून डीझेल नाहीसे झाले, तोवर त्यांच्या एंजिनाने मालमोटारीत बस्तान बसवलेले नव्हते. तो मार्ग मोकळा झाला रोबेर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ पासून इंजेक्शन पंपाचे घाऊक उत्पादन सुरू झाले तेव्हा. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरला बॉशशी जोडलेल्या मायको कंपनीची स्थापना झाली, १९५४ साली टेल्कोने डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला मालमोटारी बांधण्यास आरंभ केला, आणि पुढे नाशिकला मायकोचा कारखाना येऊन तेथे नोझला घडू लागल्या. त्या कारखान्याचे नाव शहरातल्या एका चौकाला कायमचे चिकटले आहे. पंप आणि नोझल एवढेच काम करणारी, बाकी एंजिनाला हातही न लावणारी छोटी दुकाने महाराष्ट्रातल्या हमरस्त्यांवर दिसू लागली ती या साऱ्याच्या मागोमाग. त्या दुकानांतले काचेआड ठेवलेले कॅलिब्रेशनचे टेबल आणि बाहेर पायरीवर काढून ठेवलेल्या चपला पाहिल्या, की आत धुळीला मज्जाव आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

आता मूळ मुद्दा. टाकीतून निघालेले डिझेल सारेच्या सारे जळत नाही. फीड पंप ते ओढून घेतो, फिल्टरातून गाळून मुख्य पंपाकडे पाठवतो, पंप त्यावर दाब चढवून ते नोझलेकडे लोटतो. आणि जे उरते, सुईच्या कडेने झिरपते, पंपाला जास्त होते, ते परतीच्या नळीने पुन्हा टाकीत जमा होते. म्हणजे या व्यवहाराला जमाखर्चाच्या वहीप्रमाणे दोन बाजू आहेत, आणि गळतीचा तपास म्हणजे या दोन बाजूंची रुजुवात. निघाले किती, जळले किती, परत आले किती, आणि या तिन्हींत न बसणारे गेले कोठे? अननुभवी माणूस एंजिनावर ओल शोधतो. जाणता मिस्त्री ओल पाहतोच, पण तिच्यावर विश्वास टाकत नाही, कारण धावत्या गाडीत वाऱ्याने डिझेल मागे पसरते व ओल दिसते तेथे गळती सहसा नसते. म्हणून तो आधी एंजिन धुऊन कोरडे करवतो, संशयाच्या जोडांवर खडूची भुकटी टाकतो, एंजिन चालू करून बिडी शिलगावण्यासाठी चार पावले लांब जातो (ही खबरदारी सगळेच घेतात असे नाही), आणि परत येऊन पांढऱ्यावर पहिला काळपट डाग कोठे उमटला ते पाहतो. बहुधा तो उमटतो बँजो बोल्टखालच्या तांब्याच्या वायसरपाशी, आणि हा वायसर चहाच्या पेल्याहून महाग नसतो.

बाहेरची गळती ही त्यातल्या त्यात प्रामाणिक. ती निदान दिसते. खरा छळ करते ती आत येणारी हवा. टाकी ते फीड पंप हा पल्ला ओढीचा आहे; तेथे नळीतला दाब बाहेरच्या हवेहून कमी असतो, त्यामुळे नळीला चीर पडली तरी एंजिन चालू असता डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. थेंबभरही डाग नाही, आणि गाडी मात्र मधूनच मिसिंग करते, पिकअप तुटतो, रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेल्फ मारमारून बॅटरी बसते. कारण रात्रीतून नळीतले डिझेल त्या चिरेतून आलेल्या हवेला जागा देत टाकीत उतरलेले असते. ‘गाडीने एअर घेतली’ हे चालकाचे निदान बरोबर असते; कोठून घेतली, हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी मिस्त्री नळीच्या मध्ये हातभर पारदर्शक नळीचा तुकडा जोडतो आणि वाहत्या डिझेलात बुडबुडे दिसतात का ते पाहतो. दिसले, तर टाकीची नळी सोडवून स्वच्छ डिझेलच्या वेगळ्या कॅनमधून थेट फीड पंपाला पाजतो. आता बुडबुडे थांबले तर अपराधी मागे, टाकीच्या बाजूस. चालू राहिले तर पुढे. अशा रीतीने सरहद्द अर्ध्याने आकसत नेली, की तासाभरात मुक्काम सापडतो.

या शोधात दोन चमत्कारिक प्रकार वारंवार भेटतात. एक गाडी टाकी भरलेली असता उत्तम पळते आणि टाकी अर्ध्यावर आली की रडू लागते. तिचे पंप उघडले जातात, फिल्टर बदलले जातात, एखादा उत्साही गृहस्थ सहाही नोझला बदलून घेतो; आणि दोष निघतो टाकीच्या आत उतरणाऱ्या उभ्या नळीत, मध्यावर पडलेल्या चिरेत. डिझेलची पातळी चिरेच्या वर आहे तोवर ती डिझेलच ओढते. पातळी खाली गेली की हवा. दुसरी गाडी तासभर सुरळीत चालून एकाएकी बंद पडते, थोडे थांबले की पुन्हा चालते, आणि दर वेळी हाच क्रम. तिच्या टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र चिखलाने बुजलेले असते. आत पोकळी वाढत जाते आणि फीड पंप हरतो. झाकण सैल केल्यावर सुस्कारा ऐकू आला की प्रकरण निकालात निघाले. मिस्त्री चालकाला म्हणतो, ‘झाकण काढून बघायचं राहिलं, अन् हेड खोलायला निघालात व्हय?’

हे सारे निस्तरल्यावरही दोष उरला, तरच नोझलेकडे वळावे. जुन्या, रांगेतल्या पंपाच्या एंजिनावर पद्धत सोपी आहे : एंजिन संथ चालू ठेवून एकेका नोझलेच्या दाबनळीचा नट पान्याने किंचित सैल करायचा. त्या सिलिंडराचे इंधन तुटले की निरोगी असता एंजिनाचा आवाज पडतो, अंगात थरथर वाढते. आणि नट सैल करूनही काही फरक जाणवला नाही, तर ते सिलिंडर आधीपासूनच फुकट बसले होते असे समजावे. मात्र बसले कशाने, हे अजून ठरलेले नाही. व्हॉल्व जळलेला असेल, रिंगा झिजलेल्या असतील, पंपाचा एलिमेंट थकला असेल. विशेषतः पंपाच्या डोक्यावरचा डिलिव्हरी व्हॉल्व झिजला, तर फवारा संपल्यावर नळीतला दाब झटकन उतरवण्याचे त्याचे काम बिघडते, सुई चटकन मिटत नाही, आणि नोझल टपकू लागते. दिसते नोझल टपकताना, दोष नळीच्या अलीकडच्या टोकाला असतो. म्हणून संशयित नोझल आणि शेजारची निरोगी नोझल यांची अदलाबदल करून पाहतात. दोष नोझलेबरोबर दुसऱ्या सिलिंडरात गेला, तर आरोप शाबीत.

मग ती दुकानातल्या हातपंपाच्या टेस्टरवर चढते, आणि हा देखावा जवळून पाहण्यासारखा असतो. दांडा सावकाश दाबत नेला की घड्याळाचा काटा चढतो. जुन्या एंजिनांत साधारण २०० ते २५० बारांच्या दरम्यान सुई उचलली गेली पाहिजे. चांगली नोझल उघडते ती किरकिर आवाज करीत, आणि काचेच्या भांड्यात सारख्या लांबीचे, सारख्या कोनांचे धुके उभे राहते. रोगी नोझल धुक्याऐवजी पिचकारी मारते, एका छिद्राची धार वाकडी जाते, किंवा दोन छिद्रे कार्बनाने बुजलेली असल्याने फवारा अर्धाच उमटतो. त्यानंतरची परीक्षा अधिक कडक : उघडण्याच्या दाबाहून वीसेक बार खाली काटा धरून दहा सेकंद थांबायचे, आणि टोकावर थेंब लोंबता कामा नये. लोंबला, तर हीच नोझल एंजिनात पिस्टनाच्या माथ्यावर कच्चे डिझेल ठिबकवत होती, सिलिंडराच्या भिंतीवरचे ऑईल धुवत होती, आणि वेळीच निघाली नसती तर पिस्टनाला भोक पाडून बाहेर आली असती. टोक निळसर पडले असेल तर ते तापले आहे. सुईवर तांबूस डाग असतील तर पाणी शिरले आहे. अशा वेळी नोझल बदलून फिल्टरातले पाणी न काढणारा माणूस पुढच्या नोझलेचीही सोय लावून ठेवतो.

गळतीचा तिसरा प्रकार बाहेरही येत नाही आणि हवाही घेत नाही. डिझेल गुपचूप ऑईलच्या चेंबरात उतरते : टपकणाऱ्या नोझलेतून, झिजलेल्या फीड पंपातून, किंवा व्हॉल्वच्या झाकणाखाली दडलेल्या परतीच्या नळीच्या जोडातून. खूण एकच, आणि ती आनंदाची वाटल्यामुळे फसवी : डिपस्टिकवर ऑईल कमी होण्याऐवजी वाढते. ‘गाडी ऑईल खातच नाही’ अशी प्रौढी मिरवणाऱ्या मालकाच्या हाती मिस्त्री ती पट्टी देतो आणि वास घ्यायला लावतो. ऑईलचा थेंब टीपकागदावर टाकला तर काळ्या ठिपक्याभोवती डिझेलचे फिकट कडे पसरते. पातळ झालेले ऑईल बेअरिंगांना सांभाळत नाही, आणि पुढचा खर्च क्रँकचा असतो.

कॉमन रेल आली आणि या विद्येची अर्धी हत्यारे बाद झाली. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही उत्सर्जनाची मानके लागू झाल्यावर नव्या मालमोटारीत जुना पंप शोधूनही सापडणार नाही. आता एकाच नळकांड्यात सोळाशे, दोन हजार बार दाबाने डिझेल साठवलेले असते आणि विजेचा इशारा मिळताच नोझल ते सोडते. येथे चालत्या एंजिनावर नट सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ. केसाएवढ्या चिरेतून निघालेली धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट, पंजा सडू लागतो. म्हणून गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा पुढे धरायचा. आणि चुकून धार लागलीच, तर दुखत नाही म्हणून न थांबता तत्काळ शस्त्रवैद्याकडे जायचे.

मात्र रुजुवातीचे तत्त्व येथेही टिकले, किंबहुना अधिक उघडे झाले. सहाही नोझलांच्या परतीच्या नळ्या सोडवून त्यांना सहा सारख्या बाटल्या लावतात आणि एंजिन ठरावीक वेळ चालवतात. पाच बाटल्यांत बोटभर आणि सहावीत वितभर डिझेल जमले, की कोणाच्या घरात दाब झिरपतो ते कळले. गाडी सुरूच होत नसेल तर सेल्फवर फिरवूनही हे करता येते. कारण रेलमध्ये साधारण दोन-अडीचशे बार भरल्याखेरीज संगणक नोझलेला उघडण्याचा हुकूमच देत नाही, आणि एकटी झिरपणारी नोझल सगळ्यांचा दाब खाऊन बसते. पण बाटली भरली म्हणजे नोझल दोषी, हेही घाईचेच. अनेक अवजड एंजिनांत हेडच्या बाजूने शिरणारी एक जोडनळी नोझलेला डिझेल पोहोचवते. तिचे टोक नीट बसले नाही तरी ते डिझेल परतीच्याच वाटेला लागते. ती नळी काढून, टोक तपासून, ठरलेल्या जोराने पुन्हा कसून बाटल्या लावल्या, तर कित्येकदा सहावी बाटली पाचांसारखीच भरते. स्कॅनर कोड दाखवतो तो दाब पडल्याचा. कोणामुळे पडला हे तो सांगत नाही. कोड वाचून सहा नोझलांचे बिल हाती देणारी नवी पद्धत मला, स्पष्टच सांगायचे तर, निदान वाटत नाही.

या तपासात आणखी एकाचा निवाडा होत असतो, त्याचा उल्लेख एंजिनाच्या पुस्तकात नसतो. गाडीचे ॲव्हरेज घसरले की मालकाची नजर प्रथम चालकाकडे जाते. रस्त्यावर डिझेल विकले जाते हे खोटे नाही, आणि त्यामुळे न विकणाराही त्या संशयातून सुटत नाही. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसभरात तीन-साडेतीन लिटर जातात. परतीची नळी टाकीजवळ फाटली असेल तर बादलीने जातात, आणि तेही गाडी पळत असताना, जेव्हा खाली वाकून पाहणारा कोणी नसतो. म्हणून शहाणे चालक फाटका वायसर किंवा चिरलेली नळी गॅरेजात टाकून येत नाहीत. ती कागदात गुंडाळून, तारखेच्या पावतीसह, ट्रिपच्या हिशेबाला जोडून मालकापुढे ठेवतात, आणि कापलेला पगार परत मागतात.